एआरटी सेंटरवर पोस्टिंग लागलंय?

एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षात एआरटी सेंटर (एचआयव्हीवरच्या औषधोपचारांचं केंद्र) आणि त्याच्या वॉर्डची पोस्टिंग लागली की बहुतेकांची तोंडं उतरतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, २००४ पासून मिळतेय, तरी संधिसाधू (प्रतिकारशक्ती खालावल्यावर होणाऱ्या) संसर्गाचे रुग्ण येतच राहतात. काहींचं निदान उशिरा होतं, तर काहींच्या गोळ्या मधेच सुटलेल्या असतात. त्यामुळे पहिला प्रश्न ‘गोळ्या घेता का?’ असा विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘शेवटची बाटली कधी नेली?’ असं विचारा. कुणी ऊसतोडीला गेलेला असतो, कुणी ट्रकवर असतो, एखादी बाई माहेरी राहिलेली असते. गोळ्या का सुटल्या, याचं उत्तर तिथूनच निघतं.

एमबीबीएसला एका रुग्णात एकच निदान शोधायची सवय लागते. इथे ती घातक आहे. सीडीफोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ५०च्या खाली गेलेल्या माणसाला क्षयरोग, क्रिप्टोकॉकस (मेंदूच्या आवरणात शिरणारी बुरशी) आणि तोंडातला कॅन्डिडा एकाच वेळी असू शकतो. ढोबळ हिशेब असा: क्षयरोग कुठल्याही आकड्याला होतो, न्यूमोसिस्टिस (बुरशीचा न्यूमोनिया) २००च्या खाली, टॉक्सो (मेंदूतला परजीवी संसर्ग) आणि क्रिप्टोकॉकस १००च्या खाली, सीएमव्हीचा रेटिनायटिस (विषाणूमुळे डोळ्याच्या पडद्याला येणारी सूज) ५०च्या खाली. आजारपणात हा आकडा तात्पुरता घसरतो, हेही ध्यानात असू द्या.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो टीबी. खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्रीचा घाम, या चार गोष्टी प्रत्येक भेटीत विचारायच्या. प्रतिकारशक्ती खालावलेली असली की फुप्फुसात सहसा पोकळी होत नाही, स्पुटम (थुंकीची तपासणी) बऱ्याचदा निगेटिव्ह येतो आणि एक्स-रे कधी कधी चक्क नॉर्मल दिसतो. म्हणून सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) लावा, मानेतल्या गाठीत सुई घाला, पोटाची सोनोग्राफी करा. भरती झालेल्या गंभीर रुग्णाची लघवीतली लॅम चाचणी (टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी) अर्ध्या तासात उत्तर देते. खोकून बेडका न पडणाऱ्यांसाठी तर ती फारच सोयीची.

न्यूमोसिस्टिसला स्टेथोस्कोप फसवतो. छाती स्वच्छ ऐकू येते, पण रुग्ण म्हणतो, ‘संडासला जाऊन आलं तरी धाप लागते.’ बोटाला ऑक्सिमीटर लावून त्याला कॉरिडॉरमध्ये चालवा. बसल्यावर ९६ असलेला आकडा चालल्यावर ८८ला आला, तर रिपोर्टची वाट न पाहता कोट्रायमोक्साझोल उपचाराच्या मात्रेत सुरू करा, पूर्ण २१ दिवस. ऑक्सिजनशिवाय घेतलेल्या एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) पीएओटू, म्हणजे ऑक्सिजनचा दाब, ७०च्या खाली असेल, तर सोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड द्यायचं. टीबीच्या धास्तीने स्टिरॉइड रोखून धरणारे सीनियर भेटतील. तेव्हा एबीजीचा कागद पुढे ठेवा.

खरा कस लागतो क्रिप्टोकॉकल मेनिन्जायटिसला. दोन-तीन आठवड्यांची डोकेदुखी आणि थोडा ताप, मान मात्र बऱ्याचदा मऊच. सीडीफोर १००च्या खाली असेल तर डोकं दुखत नसलं तरी रक्तातलं क्रिप्टोकॉकल अँटिजेन पाठवायचं. ते पॉझिटिव्ह आलं की एलपी, म्हणजे सुईने पाठीच्या कण्यातलं पाणी काढणं. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ ही भीती नातेवाइकांत पक्की बसलेली असते. संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी दहा मिनिटं बसून बोला. दाब मोजल्याशिवाय सुई काढायची नाही. मॅनोमीटर नसेल तर निर्जंतुक आयव्ही ट्यूबिंग उभी धरून पट्टीने मोजा. २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी काढा, लागलं तर रोज काढा. या आजारात दाबही जीव घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस, किलोला १० मिलिग्रॅम, आणि सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल असा उपचार सुचवला. तो हाताशी नसेल आणि साधं अॅम्फोटेरिसिन लावत असाल, तर ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं. सलाइनमध्ये त्याचा साका होतो. सलाइनची बाटली आधी वेगळी चढवायची ती किडनीसाठी. पोटॅशियमवर डोळा ठेवा.

मग प्रश्न येतो एआरटी कधी सुरू करायची. टीबीत, टीबीचे उपचार सुरू केल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. मेंदूच्या आवरणाचा टीबी किंवा क्रिप्टोकॉकस असेल तर घाई नको, साधारण चार ते सहा आठवडे थांबा, नाहीतर परतलेली प्रतिकारशक्ती कवटीच्या आतच सूज वाढवते. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर एआरटीतलं डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं, आणि ही संध्याकाळची जादा गोळी डिस्चार्ज कार्डावर लिहायची हमखास राहते. एआरटी सुरू झाल्यावर गाठी फुगू शकतात, ताप परतू शकतो. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर रुग्ण ‘औषध मानवलं नाही’ म्हणून गोळ्या सोडतो आणि सहा महिन्यांनी स्ट्रेचरवर येतो.

राउंडला बेडपाशी एचआयव्ही हा शब्द मोठ्याने उच्चारू नका, केस पेपरवर लाल शेरा मारू नका. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. बायकोला माहीत आहे की नाही, हे काउन्सेलरताईंना विचारूनच तिच्याशी बोला. कुणाच्या घरी काय सांगितलंय, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.