विषारी धातू आणि कॅन्सर : या चुका टाळा

"आम्ही पाणी उकळून पितो, मग काळजी कसली?" हा गैरसमज मला सगळ्यात जास्त सतावतो. उकळल्याने जंतू मरतात, पण पाण्यात विरघळलेलं आर्सेनिक हे विष जात नाही. उलट वाफ उडते आणि पातेल्यात उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण किंचित वाढतंच. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. बोअरचं पाणी नितळ दिसतं म्हणून तपासणी राहून जाते आणि त्यात वर्षं निघून जातात. प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला 10 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. तळहात-तळपायांची कातडी जाड, खडबडीत झाली, अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे ठिपके उठले, तर मलमावर दिवस काढू नका. वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या आर्सेनिकमुळे त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाचा कॅन्सर होतो.

दुसरी चूक वर्कशॉपमधली. स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग करताना तोंडाला रुमाल बांधला की झालं, असं कितीतरी जण मानतात. त्या धुरात निकेल असतं आणि क्रोमियमचं सहा-संयुजी, म्हणजे घातक रूप असतं. कण इतके बारीक की रुमालातून सहज आरपार जातात. शरीराला लागणाऱ्या सल्फेटसाठी पेशीत जी वाट असते, तिथूनच हे क्रोमियम आत शिरतं. आत त्याचं रूप पालटतं आणि त्या उलथापालथीत डीएनएला इजा होते. म्हणून धूर जिथे उठतो तिथेच तो ओढून घेणारी यंत्रणा हवी, चेहऱ्यावर घट्ट बसणारा योग्य रेस्पिरेटर, म्हणजे हवा गाळणारा मास्क हवा, आणि वाकून धुरात डोकं घालायचं नाही. काम सुटल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून कपडे झटकणं तर लगेच थांबवा. बसलेली धूळ पुन्हा नाकासमोर येते. तेच कपडे घालून घरी गेलात, तर बाहीवरची धूळ कडेवरच्या लेकराच्या नाकातोंडात जाते.

सिगारेट ओढणाऱ्यांनी कॅडमियम हा विषारी धातूही लक्षात ठेवावा. तंबाखूचं झाड ते मातीतून शोषतं आणि माणसाच्या मूत्रपिंडात ते दशकानुदशकं ठाण मांडून राहतं.

तपासणीतही गफलत होते. मासे खाऊन लगेच आर्सेनिकसाठी लघवी तपासली, तर त्यांच्यातलं बहुतांशी निरुपद्रवी आर्सेनिक आकडा फुगवतं. दोन-तीन दिवस मासळी टाळून नमुना द्या. आणि डॉक्टरांना फक्त आजची नोकरी सांगू नका. 20 वर्षांपूर्वी सोडलेलं कामही सांगा.