रेझिनची युद्धनौका: रंगाआधी काय करायचं

आपली पहिली 'विक्रांत' 213 मीटर लांब होती. 1/700 प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्याच्या सातशेव्या भागाएवढ्या, मॉडेलमध्ये ती साधारण 30 सेंटीमीटरची होते आणि डेकवरचा मीटरभर उंच कठडा दीड मिलिमीटरही भरत नाही. एवढ्या बारीक कामात चूक लगेच डोळ्यांत येते. म्हणून रेझिनचं, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लॅस्टिकसारख्या द्रव्याचं, मॉडेल जोडताना रंगाची घाई नको.

आधी सगळे भाग कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट पदार्थ रेझिनवर राहिलेला असतो. मी एकदा धुणं टाळलं, तर मास्किंग टेप काढताना रंगाचा पापुद्राच निघून आला.

भागांना चिकटलेले ओतकामाचे ठोकळे बारीक करवतीने कापा. भागाला अगदी लागून कापू नका, थोडं अंतर ठेवून उरलेलं घासून काढा. घासताना वॉटर पेपर (ओला वापरता येणारा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवलेलाच हवा आणि तोंडावर एन-95 मास्क हवा. रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते. इथे सवलत घेऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचं: नौकेचा तळ. पाण्याच्या रेषेपर्यंतचंच (पाण्यावर दिसणाऱ्या भागाचंच) मॉडेल असेल तर तळ सपाट लागतो, पण रेझिन बऱ्याचदा केळ्यासारखं वाकलेलं येतं. गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, दोनेक मिनिटं बुडवा. मऊ झालं की काचेवर दाबून धरा आणि तसंच थंड होऊ द्या. एका वेळेत सरळ झालं नाही तर पुन्हा करा. जोर लावलात तर मोडेल. मग काचेवर 320 नंबरचा वॉटर पेपर चिकटवून तळ त्यावर गोल गोल फिरवा. तळावर आधी पेन्सिलीच्या रेघा मारल्या असतील तर खड्डा कुठे आहे ते कळतं: सगळ्या रेघा पुसल्या की तळ सपाट. मी या एका पायरीला अख्खी संध्याकाळ देतो.

प्लॅस्टिक मॉडेल जोडायचा गोंद, म्हणजे 'सिमेंट', इथे चालत नाही, कारण तो रेझिनला विरघळवत नाही. फेव्हीक्विकसारखा गोंद सुईच्या टोकाने लावा. हवेच्या बुडबुड्यांची भोकं लांबीने (पुट्टीने) भरून 600 नंबरने घासा.

प्रायमरचा पातळ थर दिला की राहिलेले ओरखडे दिसतात. ते दुरुस्त करूनच पुढे जा. पावसाळ्यात दमट हवेत स्प्रे मारू नका, व्हार्निश पांढुरकं पडतं. करड्या रंगात थोडा पांढरा मिसळा. दुरून पाहिलेली नौका फिकटच दिसते. आधी डेक रंगवा, तो झाका, मग बाजू. पाण्याच्या रेषेवरचा काळा पट्टा टेप लावून शेवटी.

पितळी कठडे सुटे असतानाच रंगवा आणि सगळं वाळल्यावर बसवा. डोलकाठीच्या दोऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या जुन्या किटमधली, भाग जिला जोडलेले असतात ती काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, मऊ करून ओढा. केसापेक्षा बारीक तार निघते. रेझिनची काडी अशी ओढली जात नाही.