दान आलेले वैद्यकीय साहित्य खोक्यात भरण्यापूर्वी

अमेरिकेतील रुग्णालयांत पुरवठादार बदलला की जुना साठा निरुपयोगी ठरतो, आणि शस्त्रक्रियेसाठी काढून ठेवलेली पण न फोडलेली पाकिटेही नियमांमुळे पुन्हा कपाटात जात नाहीत. हे साहित्य वाया जाऊ नये म्हणून येल विद्यापीठात डॉ. विल्यम रोझेनब्लॅट यांनी १९९१ मध्ये ‘रेमेडी’ हा उपक्रम सुरू केला. कोलोरॅडोतील ‘प्रोजेक्ट क्युअर’ आणि अटलांटाजवळची ‘मेडशेअर’ या संस्थांच्या गोदामांतही असे साहित्य गरीब देशांतील रुग्णालयांना पाठवण्यापूर्वी स्वयंसेवक त्याची निवडानिवड करतात. अशा गोदामात पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहीत आहे.

खोके लवकर भरणे हे आपले काम नव्हे; जे पाठवू नये ते बाजूला काढणे हे खरे काम आहे. देणाऱ्या देशात जे गुणवत्तेच्या कसोटीवर उतरत नाही ते दान म्हणूनही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाविषयीचे तत्त्व आहे, आणि पट्टी, नळी, हातमोजे यांनाही तेच लावले पाहिजे. ‘तिकडे काहीच मिळत नाही, मग हे चालेल’ हा विचार मनात आला की पाकीट खाली ठेवावे.

रुग्णालयातून आलेल्या पिशवीत थेट हात घालू नये, कारण तळाशी उघडी सुई असू शकते. पिशवी टेबलावर हलकेच रिकामी करावी. मग एकेक पाकीट उजेडात धरावे. उदाहरणार्थ, लघवीच्या नळीचे पाकीट एका बाजूने कागदी आणि दुसऱ्या बाजूने पारदर्शक असते. त्याच्या चारही कडांवरून अंगठा फिरवावा. चिकटपट्टी कुठे सुटली असेल तर तो तिथे आत घसरतो. कागदावर पिवळसर कडेचा डाग दिसला तर पाणी लागून वाळलेले आहे असे समजावे आणि आतली नळी कितीही स्वच्छ दिसली तरी पाकीट नाकारावे, कारण ओल्या कागदातून जंतू आत जातात. निर्जंतुक पाकिटाच्या कागदावर पेनने लिहू नये आणि पाकिटे रबरबँडने बांधू नयेत, कारण दोन्हींमुळे कागदाला इजा होते.

मुदतीची तारीख वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाशेजारी असते. कारखान्याच्या चिन्हाजवळची तारीख उत्पादनाची असते. केवळ वर्ष आणि महिना दिला असेल तर त्या महिन्याचा अखेरचा दिवस धरावा. आपल्यासारख्यांना खरा धोका वेगळाच आहे. अमेरिकी पद्धतीने लिहिलेले ०४/११ म्हणजे ११ एप्रिल, पण भारतात शिकलेला डोळा ते ४ नोव्हेंबर असे वाचतो. ही चूक माझ्या हातून झाली आहे. पुढच्या टेबलावर ती पकडली गेली नसती, तर मुदत संपलेले टाक्यांचे दोरे जहाजावर चढले असते. समुद्रप्रवास आणि बंदरावरची तपासणी यांत महिने जातात, म्हणून आज मुदतीत असणे पुरेसे नाही. संस्थेने ठरवलेली किमान शिल्लक मुदत विचारून घ्यावी. औषधांना तर स्वतः हात न लावता ती फार्मासिस्टकडे द्यावीत, आणि कुठल्याही वस्तूवर रुग्णाच्या नावाची चिठ्ठी असेल तर तिथल्या प्रमुखांना लगेच दाखवावी.

वर्गवारी आकारानुसार करावी. शिरेत घालायच्या सुयांत क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते: १८ हिरवी, २० गुलाबी, २२ निळी, २४ पिवळी. नवजात बाळांच्या कक्षाला मुख्यतः पिवळी लागते. तिथे हिरव्या सुयांचे खोके पोहोचले तर परिचारिकेला ते नुसते सांभाळत बसावे लागते. लघवीच्या नळ्यांत मात्र क्रमांक वाढला की नळी जाड होते. १८ क्रमांकाची नळी ६ मिलिमीटर व्यासाची असते. खोक्यावर वस्तूचे नाव, आकार, मोजलेली संख्या आणि आतली सर्वांत जवळची मुदत लिहावी. खोके सेनेगलला जाणार असेल तर फ्रेंच आणि मोझांबिकला जाणार असेल तर पोर्तुगीज नाव लिहिण्याचे कष्ट जरूर घ्यावेत. ‘किरकोळ’ असे लिहिलेले खोके गर्दीच्या कक्षात कोणी उघडत नाही.

यंत्रे आली तर अधिक सावध राहावे. १६ देशांतील नोंदींवर आधारलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३८ टक्के वैद्यकीय यंत्रे बंद आढळली होती. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असते, तर आफ्रिका व आशियातील बहुतेक देशांत २२० ते २४० व्होल्टची. एखाद्या सलाईनपंपाला त्याच कंपनीची नळी लागते, आणि ती तिथे मिळत नसेल तर पंप कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून माहितीपुस्तिका, वायर आणि सुटे भाग यंत्रालाच बांधून ते तंत्रज्ञांकडे सोपवावे.

नाकारलेल्या साहित्यातील काही भाग परिचारिका होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सरावासाठी देता येतो. त्या खोक्याच्या चारही बाजूंवर ‘रुग्णांसाठी नाही’ असे ठळक लिहावे आणि ते निर्यातीच्या रांगेपासून दूर, वेगळ्या भिंतीशी ठेवावे.