चिनी पदचिन्ह आणि पॉप आर्ट : कुर्त्याचे डिझाइन कसे विकसित करावे

या प्रकारच्या डिझाइनची सुरुवात एकच चिनी आकृतिबंध निवडून करावी आणि कागदाला पेन्सिल लावण्यापूर्वी त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. आपल्याकडे वटवाघूळ अशुभ मानतात. चिनी भाषेत मात्र वटवाघळाच्या ‘ब्येनफू’ या नावातील ‘फू’ आणि सौभाग्यवाचक ‘फू’ यांचा उच्चार सारखाच असल्याने तिथल्या भरतकामात ते हौसेने काढले जाते. पांढरा रंग तिथे परंपरेने सुतकाचा. नवशिक्यांना मी दरबारी पदचिन्हाचा, म्हणजे अधिकाऱ्याचा हुद्दा दाखवणारा झग्यावरचा, चौकोन सुचवते. मिंग राजवटीत 1391 मध्ये रूढ झालेल्या या चौकोनांत मुलकी अधिकाऱ्यांसाठी पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्यांसाठी पशू भरलेले असत. त्यानंतरच्या छिंग राजवटीत पहिल्या दर्जाच्या मुलकी अधिकाऱ्याच्या झग्यावर क्रौंच पक्षी असे.

चौकोनच घ्यायचा, याचे कारण पॉप आर्टमध्ये, म्हणजे जाहिराती-कॉमिक्ससारख्या रोजच्या छापील प्रतिमांतून घडलेल्या कलेत, आहे. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी 1962 पासून सिल्क-स्क्रीनने (ताणलेल्या जाळीतून रंग दाबून छापण्याच्या पद्धतीने) एकच प्रतिमा ओळीने, रंग बदलत छापली, आणि रॉय लिक्टनस्टाइन यांनी स्वस्त छपाईतले ठिपके मोठे करून चित्रात आणले. चौकोन असा ओळीने छापायला सोपा. स्क्रीन छपाईचे हे तंत्र कोल्हापुरात परके नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे स्क्रीन आणि स्क्वीजी (रंग ओढायची रबरी पट्टी) असतात, आणि बाबूराव पेंटरांच्या या गावाने सिनेमाची रंगवलेली पोस्टरे पुष्कळ पाहिली आहेत.

क्रौंचाचे चित्र 30 सेंटीमीटरच्या चौकोनात काढून त्यातले बारकावे निर्दयपणे कमी करावेत : मान, पंख, एक पाय आणि खाली लाटांच्या दोन रेघा पुरेशा होतात. भरतकामातल्या छटांच्या जागी सपाट रंग आणि ठिपके येतात; ठिपका दोन मिलिमीटरपेक्षा लहान ठेवल्यास सुती कापडावर रंग पसरून तो बुजण्याचा धोका असतो. प्रत्येक रंगासाठी वेगळी स्क्रीन लागते, म्हणून तीन रंगांवर थांबावे. छापताना फिकट रंग आधी घ्यावा आणि काळी रेघ शेवटी. इचलकरंजीचे पॉपलिन या कामाला चांगले. मात्र खळ पूर्ण निघेपर्यंत ते आधी धुवून घ्यावे.

माझा आग्रह असा की छपाई पॉप आर्टची असेल तर कुर्त्याचा बेत, म्हणजे कापणी-शिलाईचा घाट, शांत आणि चिनीच ठेवावा. 1920 च्या दशकात शांघायमध्ये घडलेल्या छीपाओची (चिनी स्त्रियांच्या अंगासरशी झग्याची) उभी कॉलर आणि गळ्यापासून उजव्या काखेकडे जाणारी तिरपी उघडण कुर्त्यालाही शोभते. माझ्या पहिल्या कुर्त्यात मी सबंध कापड आधी छापले आणि मग बेतले. उघडणीची रेघ नेमकी क्रौंचाच्या मानेवरून गेली आणि शिवून झाल्यावर डोके व धड दोन बोटे वर-खाली आले. याचे उत्तर मला छिंग झग्यातच सापडले. तो झगा पुढून मधोमध उघडत असे, म्हणून पुढचा चौकोन दोन अर्ध्या भागांत भरून शिवत आणि झगा मिटला की चित्र जुळत असे. तेव्हा आधी मांजरपाटावर कच्ची शिलाई घालून बेत पक्का करावा, मग पॉपलिन कापावे, आणि पुढचे दोन्ही भाग मिटलेल्या स्थितीत टेबलावर पक्के बसवून त्यांवर छापावे. पिगमेंट रंग वाळल्यावर वर कापड ठेवून गरम इस्त्री फिरवल्याशिवाय शिवायला घेऊ नये.

शेवटी गाठीची बटणे. अडीच सेंटीमीटर रुंदीची उरेब पट्टी दुमडून, शिवून, उलटून तिची दोरी करावी आणि गाठ एकदम न आवळता दोरी थोडी थोडी ओढत ती गोल करत न्यावी, म्हणजे शिलाई आत लपते. पाकळ्यांचे बटण हवे असल्यास पट्टीत बारीक तांब्याची तार घालतात. छपाईतला सर्वांत कमी वापरलेला रंग बटणांना द्यावा आणि पहिले बटण अगदी कॉलरच्या बुडाशी लावावे, कारण तिरपी उघडण तिथूनच सुटू लागते.