हृदयातली ब्रॅकीथेरपी : मीटर हातात घेताना या चुका टाळा

स्टेंटच्या आत धमनी पुन्हा अरुंद झाली, तर अमेरिकेतल्या काही कॅथ लॅबमध्ये आजही कॅथेटरमधून, म्हणजे बारीक नळीतून, स्ट्रॉन्शियम-९० चा किरणोत्सर्गी स्रोत तिथपर्यंत नेतात. काही मिनिटं ठेवतात आणि परत आणतात. आतूनच किरणोत्सर्ग देण्याच्या या उपचाराला, ब्रॅकीथेरपीला, २००० साली तिथे मान्यता मिळाली. चुका मात्र अजून त्याच होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे यंत्र ‘स्रोत परत आला’ म्हणतंय म्हणून रुग्णावर किरणोत्सर्ग मोजणारं मीटर न फिरवणं. नोव्हेंबर १९९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना गावी हेच घडलं. उपचार कर्करोगाचा होता आणि स्रोत इरिडियम-१९२ चा. तार तुटून स्रोत रुग्णाच्या अंगातल्या कॅथेटरमध्येच राहिला. भिंतीवरचा मॉनिटर धोका दाखवत होता, पण यंत्राचा पडदा ‘सुरक्षित’ म्हणत होता. मॉनिटरच बिघडलाय असं समजून लोकांनी पडद्यावर विश्वास ठेवला. हातातलं मीटर कोणी उचललंच नाही. काही दिवसांत ती वृद्ध बाई गेली. स्रोत सापडला तो कचऱ्यात, तोही कचरा नेणाऱ्यांचं उपकरण वाजलं म्हणून. मीटर फिरवायला एक मिनिट लागतं. ‘पुढची केस थांबलीय’ म्हणणाऱ्यांना मी त्या मिनिटात खोलीबाहेर उभं करते.

स्ट्रॉन्शियमच्या बाबतीत फसगत आणखी सोपी. त्याचे बीटा कण शरीरात जेमतेम सेंटिमीटरभर जातात. स्रोत आत राहिला तरी छातीवर फक्त क्षीण क्ष-किरण पोहोचतात, आकडा थोडासाच वाढतो. तो थोडासा ओळखायचा तर आधीचा आकडा हवाच. म्हणून स्रोत आत जाण्यापूर्वी त्याच रुग्णाच्या छातीवर, त्याच अंतरावरून रीडिंग घ्यायचं आणि लगेच लिहायचं. हृदयरुग्णाची आदल्या दिवशी टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून केलेली स्ट्रेस टेस्ट झालेली असू शकते. मग त्याचा आकडा मुळातच चढलेला असतो. नवशिके खोलीचं बॅकग्राउंड, म्हणजे रिकाम्या खोलीतलं रीडिंग, घेऊन मोकळे होतात. तेवढ्याने भागत नाही.

मीटर धरलेलं असताना फ्लुरोस्कोपी (क्ष-किरणांचं चालू चित्र) सुरू असेल तर रीडिंग कचऱ्यात. पेडलवरून पाय काढा म्हणून मोठ्याने सांगा, डॉक्टर कितीही ज्येष्ठ असोत.

परत आलेला स्रोत तपासताना मीटरच्या खिडकीवरचं झाकण काढा, नाहीतर ते बीटा अडवतं. मीटरची बॅटरी आणि चेक सोर्सवरचं (मीटर चालतंय का हे पाहायच्या छोट्या स्रोतावरचं) रीडिंग मी कॉरिडॉरमध्येच बघते.

शिशाचा एप्रन घातलाय म्हणून इरिडियमजवळ रेंगाळू नका. अर्धा मिलिमीटर शिसं त्या गॅमा किरणांना जवळजवळ अडवत नाही. तिथे अंतर राखा.

स्ट्रॉन्शियमसाठीची आणीबाणीची अॅक्रिलिकची पेटी कपाटात ठेवू नका. ती टेबलाशेजारी हवी, झाकण उघडं, लांब चिमटा जवळ. स्रोत मागे आलाच नाही तर कॅथेटर कोण ओढणार आणि पेटी कोण पुढे करणार, हे रुग्णाला आत आणण्याआधी नावानिशी ठरवा.