घरात शब्दकोश वापरायचा कसा : आमच्या सोलापूरच्या घरातली पद्धत

आमच्या पूर्व भागात एकाच बोळात चार भाषा ऐकू येतात, घरात आजीची तेलुगू, गल्लीत मराठी, समोर कन्नड आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दखनी उर्दू. त्यामुळं शब्द रोजच अडतात. आमच्याकडं शब्दकोश म्हणून तर टीव्हीशेजारच्या उघड्या फळीवर असतो, तिथंच पेन्सिलही असते. तुम्हीही आधी एवढंच करा, तो कपाटाच्या वरच्या कप्प्यातून खाली आणा, कारण स्टूल लावून शब्द बघायला कुणी चढत नाही हो.

कुठला घ्यायचा तर रोजच्यासाठी एक मध्यम आकाराचा मराठी-मराठी पुरे. मोठे कोश विकत घ्यायची गरज नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ची, आणि दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 मध्ये सात खंडांत आला, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साईटवर फुकट सर्च करता येतात. कागदावरच बघायचं असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात जाऊन विचारा.

आता शोधायचं कसं. बहुतेक लोक इथंच कंटाळतात आणि 'शब्द नाहीच यात' म्हणून कोश मिटतात. जोडाक्षर हे त्या अक्षराची पूर्ण बाराखडी संपल्यावर येतं, म्हणजे 'पती' आधी आणि 'पत्ता' नंतर. ळ बहुतेक कोशांत ह च्याही पुढं असतो, म्हणून 'फळा' हा 'फसवणे'च्या नंतर बघायचा. क्ष आणि ज्ञ काही कोशांत शेवटी असतात, काहींत क आणि ज मध्येच. अनुस्वाराचंही तसंच, नवीन कोश हातात आला की 'अंक' शब्द कुठं छापलाय तेवढं बघून घ्या म्हणजे बाकीचं कळतं. आणि शब्द मूळ रूपात शोधायचा, 'गेलो' नाही 'जाणे', 'पाण्यात' नाही 'पाणी'. आपण सोलापुरात 'काय करलालास बे' म्हणतो, त्यातलं 'करलालास' जसंच्या तसं छापील कोशात मिळायचं नाही, तिथं 'करणे' बघायचं. जुन्या कोशात तर 'करणें' असं अनुस्वार देऊन लिहिलेलं असतं, कारण 1962 च्या लेखननियमांच्या आधीचं ते लेखन, मोबाईलवर सर्चला शब्द नाही आला तर एकदा टिंब देऊन टाईप करून बघा, बऱ्याचदा लगेच येतो.

शब्द सापडला की लोक पहिला अर्थ वाचून थांबतात. थांबू नका. शब्दापुढं पु., स्त्री., न. असतं ते लिंग, आणि ते फार कामाचं असतं. माझ्या पोरानं नान्नजच्या माळढोक अभयारण्यावर निबंध लिहिला, त्यात 'मोठा माळ' लिहिलं होतं आणि वहीत त्यावर लाल फुली, वर 'मोठी माळ' असं दुरुस्त केलेलं. पोरगं रडवेलं झालं. मी कोश उघडून दाखवला, माळ पुल्लिंगी म्हणजे उघडं रान, माळ स्त्रीलिंगी म्हणजे गळ्यातली, आणि माळढोकातला माळ तो पहिला. दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन मी शाळेत गेलो, बाईंनी नीट वाचलं आणि स्वतःच्या हातानं फुली खोडली. मला त्या बाईंबद्दल तेव्हापासून फार आदर आहे.

तसंच एकाच स्पेलिंगचे दोन शब्द वेगवेगळे छापलेले असतात, दोन्ही वाचा. खत म्हणजे शेतातलं आणि खत म्हणजे लिहिलेला कागद, हा दुसरा अरबीतून आला, खरेदीखतात तो आहे. शेजारच्या अक्का एकदा सासऱ्यांच्या वेळचे जागेचे कागद घेऊन आल्या, "अण्णा, यात सारखं मजकूर मजकूर लिवलंय, कसला मजकूर? दुसरा कागद जोडलेला हाय का?" त्या बिचाऱ्या तो हरवलेला कागद दोन दिवस ट्रंकेत शोधत होत्या. कोशात बघितलं तर मजकूर म्हणजे 'वर सांगितलेला', आज आपण लिहिलेल्या गोष्टीला म्हणतो तो अर्थ दुसरा. मग पूर्ण कागद आम्ही बसून वाचला, वहिवाट, तारण, बोजा, एकेक शब्द बघत, तासभर गेला पण अक्कांच्या जिवातला घोर गेला. सरकारी पत्रातला शब्द असेल तर मात्र भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा, साध्या कोशात तो नेमका अर्थ मिळेलच असं नाही.

मला सगळ्यात आवडतो तो कंसातला भाग, शब्द कुठल्या भाषेतून आला ते. [का.] म्हणजे कानडी, [फा.] फारसी, [सं.] संस्कृत. शेंगाचटणी कुटतो तो खलबत्ता कानडीतला, अडकित्ताही कानडीतला, आणि भाकरीवरचं तूप म्हणजे कानडीतलं तुप्प. ज्यावर कपडा विणतात त्याला मराठीत माग, कन्नडमध्ये मग्ग, आमच्या आजीच्या तेलुगूत मग्गम. हे तिन्ही शब्द पोरांना ओळीनं म्हणायला सांगा, डोळे मोठे करून बघतात. आणि चोराचा माग काढतात तो माग वेगळा, तो संस्कृत मार्गावरून.

आता कोशात नसलेल्या शब्दांसाठी दोनशे पानी वही करा. प्रत्येक शब्दाला अर्धं पान सोडा, कारण नंतर कुणीतरी भर घालतंच. शब्द, लिंग, भाषा, अर्थ, कोण म्हणालं आणि कधी. पण खरं मोलाचं असतं ते वाक्य, त्या माणसाच्या तोंडचं, शुद्ध न करता लिहायचं. म्हाताऱ्या माणसांना 'याचा अर्थ सांगा' म्हटलं की ती गप्प बसतात, त्यापेक्षा कामाबद्दल विचारा, आपोआप बोलतात. आमच्या वहीतली पहिली नोंद अशी आहे :

धोटा, पु. मराठी. मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं पळतो तो, कारखान्यात शटलही म्हणतात. बाबा म्हणायचे : "धोटा उडला तर डोळा जाईल, लांब हुबा ऱ्हा."