गाडीत मुलांना शिकवताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाच्या मांडीवर टॅबलेट देऊन "वाच" म्हणणं. डोळ्यांना स्थिर पान दिसतं, पण आतल्या कानाला वळणं आणि धक्के जाणवत असतात. मेंदूकडे पोचणाऱ्या या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि गाडी लागते. साधारण २ ते १२ या वयात हा त्रास जास्त होतो. मूल जांभया देऊ लागलं, गप्प झालं, चेहरा पांढरा पडला, तर तो कंटाळा समजू नका. स्क्रीन लगेच बंद करा, नजर बाहेर दूरवर लावायला सांगा, काच थोडी खाली घ्या.

म्हणून गाडीत डोळ्यांपेक्षा कानांवर भर द्यावा, असं माझं ठाम मत आहे. गोष्ट, पाढे, नव्या भाषेतले शब्द गाडीच्या स्पीकरवर लावले की सगळेच ऐकतात आणि मध्येच थांबवून "आता पुढे काय होईल?" असं विचारता येतं. हेडफोन लावलेलं मूल या गप्पांतून बाहेर पडतं. शिवाय गाडीच्या घरघरीत ते आवाज वाढवत जातं. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, अशी आहे.

नेटवर्क गेलं की धडा अडकतो. सगळं आदल्या रात्री डाउनलोड करा आणि विमान मोड लावून प्रत्येक फाइल उघडून पाहा. काही ॲप ऐनवेळी पुन्हा लॉगिन मागतात.

चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरतेय? गाडीतल्या जुन्या यूएसबी पोर्टमधून अनेकदा जेमतेम २.५ वॉट मिळतात, टॅबलेटला १० किंवा जास्त लागतात. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा दमदार चार्जर घ्या.

टॅबलेट सैल ठेवू नका. जोरात ब्रेक लागला तर तो कुणाच्याही तोंडावर आदळेल. आणि चालकाने चालत्या गाडीत ब्लूटूथ जोडत बसू नये, अगदी मूल रडत असलं तरी.

रस्ता दाखवणाऱ्या नकाशाच्या स्क्रीनवरूनही शिकवता येतं, याचा तर कुणी विचारच करत नाही. मुलाला विचारा: ९० किलोमीटर उरलेत, वेग ताशी ६०, किती वेळ लागेल? ते म्हणेल दीड तास. नकाशा त्याहून जास्त दाखवत असेल, तर का, हे त्यालाच शोधू द्या.